घरचे बियाणे : हक्क आणि जबाबदारी

(मुरुड, जिल्हा लातूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुड आणि आसपासच्या गावांत मृगाचे ढग दिसू लागले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : बियाण्याची सोय झाली काय? जमीन तयार आहे, खत आणून ठेवले आहे, मजुरांशी बोलणे झाले आहे. तरी चाड्यावर मूठ धरण्यापूर्वी चांगले बी हाती नसेल तर ही सारी सिद्धता व्यर्थ ठरते. बी पेरले आणि ते उगवलेच नाही, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो आणि हंगामाचे मोलाचे दिवसही निघून जातात. म्हणून बियाण्याचा मालक कोण, ते राखण्याचा अधिकार कोणाला आणि तो अधिकार प्रत्यक्षात टिकवावयाचा कसा, हे प्रश्न गावाच्या पोटापाण्याशी निगडित आहेत.

बियाणे ही एक विलक्षण वस्तू आहे. विकत आणलेला नांगर दुसऱ्या नांगराला जन्म देत नाही. सोयाबीनचा दाणा मात्र जमिनीत पडला की आपल्यासारखेच अनेक दाणे देतो. ज्याने तो दाणा एकदा घेतला, त्याला पुढील वर्षी पुन्हा दुकानात जाण्याची निकड राहत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे निसर्गाचे वरदान आहे. नवे वाण तयार करण्यासाठी दहा-बारा वर्षे खर्ची घालणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने मात्र हीच अडचण आहे. कारण एकदा विकलेल्या मालाचे पुढील उत्पादन ग्राहकाच्याच शेतात होऊ लागते. बियाण्यासंबंधीचे जगातील सर्व कायदे ह्या दोन बाजूंचा मेळ घालण्यासाठी निर्माण झालेले आहेत.

पेटंटची वाटचाल

पेटंट, म्हणजे शासकीय परिभाषेतील एकस्व, हा नव्या शोधावर ठरावीक मुदतीपुरता मिळणारा एकाधिकार होय. त्या मुदतीत शोधकर्त्याच्या अनुमतीवाचून ती वस्तू इतरांना बनविता, वापरता किंवा विकता येत नाही. पूर्वी हा अधिकार यंत्रे, रसायने अशा निर्जीव वस्तूंपुरता मानला जात असे. पिकांच्या वाणांसाठी युरोपातील काही राष्ट्रांनी १९६१ मध्ये एक निराळा करार केला. त्यात वाण तयार करणाऱ्या पैदासकाराला हक्क मिळाले, तरी ते पेटंटहून सौम्य होते.

अमेरिकेत १९७० साली वाण संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा शेतकऱ्याला स्वतःच्या शेतासाठी बी राखण्याची मुभा ठेवण्यात आली होती. पुढे १९८० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी विकसित केलेल्या जिवाणूस पेटंट मिळू शकते, असा निर्णय दिला. सजीव वस्तूंवरील पेटंटचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला आणि कालांतराने पिकांच्या वाणांवरही तेथे पेटंट देण्यात येऊ लागले.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तिच्या बौद्धिक संपदाविषयक करारानुसार सदस्य राष्ट्रांना वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण करणे आवश्यक झाले. परंतु ते पेटंटनेच करावे असे बंधन नव्हते. पेटंट, स्वतंत्र कायदा किंवा दोहोंचा मेळ, असे पर्याय खुले होते. भारताने स्वतंत्र कायद्याचा मार्ग निवडला. ह्या निवडीचे महत्त्व काय, हे लातूर जिल्ह्याच्या मुख्य पिकाच्याच उदाहरणाने समजून घेता येईल.

सोयाबीन एक, न्याय दोन

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील व्हर्नन ह्यू बोमन ह्या शेतकऱ्याने पहिल्या पेरणीसाठी तणनाशक सहन करणारे पेटंटचे सोयाबीन बियाणे रीतसर विकत घेतले. हंगामाच्या अखेरीस घ्यावयाच्या दुसऱ्या पिकात जोखीम अधिक म्हणून त्याने गावाजवळच्या धान्य गोदामातून साधे सोयाबीन आणून पेरले. त्या सोयाबीनमध्ये पेटंटच्या वाणाचे दाणे मोठ्या प्रमाणात होते. त्याने पिकावर तणनाशक मारले, जी झाडे जगली त्यांचे बी राखले आणि पुढील वर्षी पुन्हा पेरले. असे काही वर्षे चालले. मॉन्सॅन्टो कंपनीने त्याच्यावर दावा लावला. १३ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शेतकऱ्याविरुद्ध निकाल दिला. धान्य विकत घेतले म्हणजे ते खाण्याचा किंवा विकण्याचा अधिकार मिळतो. पेरून त्याच्या नव्या प्रती काढण्याचा अधिकार मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. बोमनवर ८४,४५६ डॉलर भरपाईचा बोजा कायम राहिला.

हीच गोष्ट लातूर जिल्ह्यात घडली असती तर? येथील शेतकरी आपल्या रानातील सोयाबीन वेगळे राखतो, शेजाऱ्याकडून पायलीच्या मापाने बदलून घेतो, प्रसंगी अडतीवरील चांगला माल पाहून बियाण्यासाठी निवडतो. त्याच्या ह्या वहिवाटीला भारतीय कायद्याने गुन्हा मानलेले नाही. उलट तिला हक्काचे स्वरूप दिले आहे.

भारतीय कायदा काय सांगतो

१९७० च्या एकस्व अधिनियमात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने हे स्पष्ट केले की, वनस्पती, त्यांचे भाग, बियाणे, वाण आणि जाती ह्यांवर भारतात पेटंट मिळणार नाही. शेतीच्या पद्धतीवर पेटंट देण्यास तर ह्या अधिनियमाने प्रथमपासूनच प्रतिबंध केला होता.

त्याच सुमारास संसदेने वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ संमत केला. ह्या कायद्याच्या नावातच शेतकऱ्याच्या हक्कांचा उल्लेख आहे. पैदासकाराने नोंदविलेल्या वाणास पिकांच्या बाबतीत जास्तीत जास्त १५ वर्षे आणि वृक्ष व वेलींच्या बाबतीत १८ वर्षे संरक्षण मिळते. मात्र कलम ३९ अन्वये शेतकऱ्याला आपल्या शेतातील उत्पादन, त्यात नोंदणीकृत वाणाचे बियाणेही आले, राखण्याचा, वापरण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटून घेण्याचा आणि विकण्याचा अधिकार आहे. वाण कृषि विद्यापीठाचे असो वा खाजगी कंपनीचे, हा अधिकार सारखाच राहतो. अजाणता कायद्याचा भंग झाला असेल तर कलम ४२ शेतकऱ्याला संरक्षण देते. ह्या कायद्याखालील कामकाजासाठी शेतकऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही, अशी तरतूद कलम ४४ मध्ये आहे.

त्याआधीच्या १९६६ च्या बियाणे अधिनियमानेही शेतकऱ्याने स्वतः पिकविलेले आणि आपल्याच जागेवरून दुसऱ्याला पेरणीसाठी थेट दिलेले बियाणे कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले होते. म्हणजे गावातील बियाण्याची परस्पर देवघेव भारतीय कायद्याने सातत्याने मान्य केलेली आहे.

हक्काच्या मर्यादा

प्रत्येक हक्काला सीमा असते, आणि ती ठाऊक नसल्यास हक्कदारच अडचणीत येतो. येथे चार गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात.

पहिली, नाममुद्रेची. शेतकरी बियाणे विकू शकतो. परंतु ते पिशवीत भरून, संरक्षित वाणाच्या नावाची चिठ्ठी लावून विकू शकत नाही. तशा विक्रीस कायद्याने मनाई आहे.

दुसरी, संकरित बियाण्याची. संकरित कापूस किंवा मका ह्यांचे बी राखण्यास निसर्गच आड येतो. दोन भिन्न वंशांच्या संकरातून आलेली पहिली पिढी जोमदार असते. तिचे बी पेरले तर पुढील पिढीत गुण विखुरतात, झाडे सारखी राहत नाहीत आणि उत्पादन घटते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे 'नांदेड-४४' हे सार्वजनिक संस्थेने दिलेले संकरित वाण होते. त्याचेही बी दरवर्षी नवेच घ्यावे लागे. उलट त्याच भागातील जुन्या गावरानी कापसाची सरकी पुन्हा पेरता येत असे. सोयाबीन, हरभरा, मूग, उडीद, मालदांडीसारखी रब्बी ज्वारी ही सरळ वाणांची पिके आहेत आणि त्यांचे बी घरी राखता येते. तुरीचेही राखता येते. मात्र तुरीत परपरागीभवन होत असल्याने बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या वाणापासून दूर ठेवणे आणि काही वर्षांनी बी बदलणे इष्ट असते.

तिसरी, परवानगी नसलेल्या जनुकीय बियाण्याची. चोरट्या मार्गाने येणाऱ्या अशा बियाण्याला पर्यावरणविषयक कायद्यांची मनाई लागू होते. त्याच्या साठ्याचे किंवा विक्रीचे समर्थन शेतकरी हक्काच्या नावाखाली करता येत नाही.

चौथी गोष्ट न्यायालयातील वादांची. बीटी कापसातील जनुकाच्या पेटंटवरून मॉन्सॅन्टो आणि नुझिवीडू सीड्स ह्या कंपन्यांत वाद झाला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये ते पेटंट अवैध ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो निर्णय रद्द करून प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठविले. आणि २०२१ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. त्यामुळे जनुकावरील पेटंट बियाण्यापर्यंत पोहोचते किंवा कसे, ह्या प्रश्नाचा त्या दाव्यात शेवट लागला नाही. गुजरातमध्ये एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदणीकृत बटाटा वाणाच्या लागवडीवरून शेतकऱ्यांवर दावे लावले आणि त्यांतील चौघांकडून प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक भरपाई मागितली. देशभर आवाज उठल्यानंतर मे महिन्यात दावे मागे घेण्यात आले. वाणाची नोंदणी प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये रद्द केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी २०२४ मध्ये तो आदेश बाजूला ठेवला. हा नंतरचा वाद नोंदणीच्या वैधतेचा होता. कलम ३९ मधील शेतकऱ्याचा अधिकार कायद्यात जसाच्या तसा राहिला. तथापि हक्क असूनही सामान्य शेतकऱ्याला न्यायालयाची पायरी चढावी लागली. गावात कायद्याची माहिती असणे का आवश्यक आहे, ते ह्यावरून उघड होते.

२०२० चा धडा

कायद्याने दिलेला हक्क कागदावर पुरेसा भक्कम आहे. परंतु हक्काने बी उगवत नाही. ते उगवते त्यातील जिवंत अंकुरामुळे. मराठवाड्याला हे २०२० च्या खरिपात फार महाग पडून शिकावे लागले.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीला आलेले सोयाबीन परतीच्या पावसात भिजले. भिजलेल्या दाण्याची उगवणशक्ती खालावते. दाणा दिसावयास बरा असला तरी आतला अंकुर निर्जीव झालेला असतो. पुढील जून महिन्यात पेरणी झाल्यावर अनेक ठिकाणी बी उगवलेच नाही. मराठवाड्यातून तक्रारींचा ओघ सुरू झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ह्या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. दुकानातून घेतलेल्या पिशव्यांतील बियाण्याविरुद्ध ह्या तक्रारी होत्या. ज्या शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी पूर्वी कणगीत बी राखले जात असे. मधल्या काळात ती सवय सुटली होती.

हक्काच्या ह्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. अमेरिकेतील शेतकऱ्याचा हात कायद्याने बांधला. येथील शेतकऱ्याचा हात मोकळा आहे. पण बी निवडण्याची आणि राखण्याची विद्या विसरली गेली तर मोकळ्या हाताचा उपयोग काय? त्यानंतर राज्याच्या कृषि विभागाने घरचे सोयाबीन राखण्याच्या आणि उगवणशक्ती तपासण्याच्या मोहिमा गावोगाव नेल्या. बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन घेण्याचे प्रयत्नही झाले. हे कार्य एका हंगामापुरते न राहता गावाच्या रीतीत मुरले पाहिजे.

बी राखावे कसे

प्रमाणित बियाण्यापासून घेतलेल्या सोयाबीनचे बी पुढील दोन वर्षे वापरता येते. एकरी ३० किलो ह्या प्रमाणाने पाच एकरांसाठी दीड क्विंटल बी लागते. एवढे सोयाबीन एका चांगल्या तुकड्यातून वेगळे काढून ठेवणे कोणत्याही कुटुंबाला अशक्य नाही.

ह्याची सुरुवात उभ्या पिकापासून होते. बियाण्याचा तुकडा आधीच ठरवावा, त्यातील वेगळ्या फुलांची, वेगळ्या ठेवणीची आणि रोगट झाडे उपटून टाकावीत. काढणी पावसात सापडू देऊ नये. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण अत्यंत पातळ असते आणि अंकुर त्याला अगदी लागून असतो. म्हणून मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या आसपास ठेवावेत. दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत आला की पोत्यात भरावे. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत, त्यांची थप्पी फार उंच करू नये, ती आपटू नयेत आणि खताच्या पोत्यांजवळ तर मुळीच ठेवू नयेत.

पेरणीपूर्वी उगवणशक्तीची परीक्षा घेणे अत्यावश्यक आहे. पोत्याच्या निरनिराळ्या भागांतून दाणे घेऊन सरसकट शंभर मोजावेत. चांगले चांगले वेचू नयेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगांत ते मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहावे आणि सहाव्या-सातव्या दिवशी सुदृढ कोंब मोजावेत. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर नेहमीचे ३० किलो बी पुरेसे आहे. प्रमाणित बियाण्याची किमान मर्यादाही ७० टक्केच आहे. साठच उगवले तर एकरी ३५ किलो लागेल. त्याहून फार कमी उगवले तर ते बी पेरणीला न वापरणेच शहाणपणाचे.

ह्या कामी शाळांचा हातभार मोलाचा ठरेल. शंभर दाण्यांतून टक्केवारी काढणे हा गणिताचा पाठ आहे, अंकुर पाहणे हा विज्ञानाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या बियाण्याची परीक्षा शाळेत करून निकाल पालकांना सांगितला, तर गावातील बियाण्याचे चित्र दीड-दोन महिने आधीच स्पष्ट होईल, आणि ज्यांचे बी कमी प्रतीचे निघेल त्यांना सोय करण्यास अवधी मिळेल. बी सांभाळण्याचे काम पिढ्यान्पिढ्या घरातील स्त्रियांनी केले आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचा संग्रह उभा केला आणि २०२० च्या पद्मश्री सन्मानाने त्या कार्याचा गौरव झाला. ग्रामसभेत बियाण्याचा विषय निघेल तेव्हा ह्या जाणत्या स्त्रियांचे म्हणणे प्रथम ऐकावयास हवे.

वाणाची नोंद आणि पंचायतीचे काम

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड ह्याच नावाच्या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून आपल्या धानाच्या बांधीतील वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे त्यांची पारख करून 'एचएमटी' हे तांदळाचे वाण तयार केले. ते वाण दूरवर पसरले, बाजारात नावाजले गेले. त्यांचा सन्मानही झाला. परंतु त्या वाणाच्या व्यापारातून त्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी ते वाण शोधले, त्या काळी शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करणारा कायदाच देशात नव्हता.

आज तो आहे. शेतकरी किंवा गाव आपल्या वाणाची नोंदणी वनस्पती वाण संरक्षण प्राधिकरणाकडे विनाशुल्क करू शकते. अर्जाला जी शिफारस जोडावी लागते, ती देण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांत पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्ह्याचे कृषि अधिकारी आणि कृषि विद्यापीठाचे संशोधन संचालक यांचा समावेश होतो. म्हणून ही समिती कागदोपत्री असून भागणार नाही. लोक जैवविविधता नोंदवहीत गावातील ज्वारी, तूर, करडई, भाजीपाला ह्यांच्या जुन्या वाणांची नावे, राखणाऱ्या घरांसह, नोंदविली गेली पाहिजेत. कृषि विज्ञान केंद्राचे साहाय्य ह्या कामी घेता येईल.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही जिल्ह्याला भूषणावह गोष्ट आहे. परंतु ते मानांकन प्रदेशाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाचे रक्षण करते. बियाण्याच्या वाणाची नोंदणी ही त्याहून स्वतंत्र बाब आहे. एक मिळाले म्हणजे दुसरे आपोआप होत नाही.

ज्यांना बी विकतच घ्यावे लागते त्यांच्यासाठीही पंचायतीने सावध राहावे. पावती, पिशवी, टॅग आणि थोडे बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवण्याची सवय लावावी. उगवण झाली नाही तर तालुका पातळीवरील तक्रार निवारण समितीकडे विनाविलंब अर्ज करावा; शेत मोडून दुबार पेरणी केल्यावर पुरावा उरत नाही. शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात मान्य केले आहे. नोंदणीकृत वाणाने सांगितलेले गुण दाखविले नाहीत तर भरपाई मागण्याचा मार्ग २००१ च्या कायद्यातही आहे.

बियाण्यासंबंधी नवा कायदा करण्यासाठी २००४, २०१९ आणि २०२५ मध्ये मसुदे पुढे आले. असा प्रत्येक मसुदा वाचताना ग्रामसभेने एक कसोटी लावावी : शेतकऱ्याची बी राखण्याची आणि शेजाऱ्याला देण्याची मुभा त्यात अबाधित आहे काय? हरकती व सूचना मागविल्या जातात त्या मुदतीत ठराव पाठविणे हे पंचायतीचे कर्तव्यच आहे.

संसदेने हक्क दिला, विद्यापीठांनी वाणे दिली, कृषि विभागाने पद्धत सांगितली. ह्यापुढचे काम गावाचे आहे. येत्या सुगीला प्रत्येक सोयाबीन उत्पादकाने निदान स्वतःच्या पेरणीपुरते बी वेगळे राखावे, शाळेने त्याची परीक्षा करावी आणि ग्रामपंचायतीने त्याची नोंद ठेवावी. ही तीन कामे जेथे होतील, तेथील शेतकऱ्याचा हक्क कायद्याच्या पुस्तकाबरोबरच त्याच्या कोठीतही सुरक्षित राहील.